क्रूझ येऊ द्या, पण मोजून

मुरगाव बंदराच्या धक्क्याला क्रूझ जहाज लागले की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एकच आकडा ठळक छापून येतो: किती प्रवासी आले. दोन हजार आले, अडीच हजार आले. हंगामातले पहिले जहाज असेल तर हार, वाद्ये आणि लोकनृत्याचा फोटोही असतो. पण या आकड्यावरून गोव्याला काय मिळाले आणि काय सोसावे लागले, यातले काहीच कळत नाही. ते कळायचे तर वेगळे आकडे मागावे लागतील. एका तासात किती माणसे रस्त्यावर उतरली? जहाजाने किती पाणी सोडले, आणि कुठे? धक्क्याला उभे असताना किती टन इंधन जाळले? त्या दिवसाचे किती रुपये मुरगाव तालुक्यात राहिले? हे चार आकडे प्रत्येक जहाजामागे जाहीर व्हावेत, त्यांना मर्यादा ठरावी आणि ती पाळणाऱ्या जहाजालाच धक्का मिळावा, असे आमचे म्हणणे आहे.

क्रूझ नकोच, असे आम्ही म्हणत नाही. सासष्टी, मुरगाव, बार्देस या तालुक्यांत तारवटींची, म्हणजे जहाजांवर नोकरी करणाऱ्यांची, घरे नाहीत असा वाडा सापडणार नाही. कोणाचा मुलगा जहाजाच्या स्वयंपाकघरात आहे, कोणाचा भाऊ इंजिनरूममध्ये, कोणाची बहीण खोल्यांच्या व्यवस्थेत. कॅरिबियनमध्ये, भूमध्य समुद्रात, अलास्कात जी आलिशान जहाजे फिरतात, ती गोंयकारांच्याही मेहनतीवर चालतात. म्हणूनच या उद्योगाच्या पोटात काय चालते हे गोव्याला इतर कोणापेक्षा अधिक ठाऊक आहे, आणि त्याच्याशी व्यवहार करताना डोळे उघडे ठेवायची जबाबदारीही अधिक आहे.

ही चर्चा आताच व्हायला हवी. केंद्र सरकारने ३० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबईत ‘क्रूझ भारत मिशन’ सुरू केले. २०२९ पर्यंत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करायची, हे त्याचे उद्दिष्ट. मुंबईहून संध्याकाळी निघायचे, सकाळी मुरगावला यायचे आणि तिथून लक्षद्वीप गाठायचे, हा मार्ग आता रुळला आहे. ऑक्टोबर ते मे असा आठ महिन्यांचा हंगाम. जहाजे वाढणार हे ठरलेले आहे. ती कोणत्या अटींवर वाढणार, हे मात्र अजून ठरवता येते.

आधी माणसांचा हिशेब करू. जहाज धक्क्याला असते आठ ते दहा तास. सकाळी बंदराचा पायलट चढतो, टग जहाजाला धक्क्याशी टेकवतात, दोर बांधले जातात, आरोग्य, इमिग्रेशन आणि सीमाशुल्क यांची कामे उरकतात, मग गँगवे, म्हणजे उतरायचा जिना, उघडतो. सुटण्याच्या तासभर आधी सगळ्यांनी परत आत. म्हणजे प्रवाशाच्या हाती राहतात सहा-सात तास, आणि त्यातले दोन नुसते जाण्यायेण्यात संपतात. दोन हजारांपैकी निम्म्यांनी जहाजावरूनच सहली घेतल्या आणि एका बसमध्ये चाळीस माणसे बसवली, तर पंचवीस बसगाड्या होतात. त्या एकामागोमाग सुटतात आणि सगळ्यांची वाट एकच असते: जुने गोवे, मंगेशी, फोंड्याकडची एखादी मसाल्याची बाग आणि परतताना पणजीचा फोंतेन्हास. हजार माणसे दिवसभरात आली तर जुन्या गोव्याला काही जड नाही. तीच हजार माणसे साडेदहा ते साडेअकरा या एका तासात बॉ जेझस चर्चच्या दारात उभी राहिली, तर भाविकालाही आत जाता येत नाही आणि पाहुण्यालाही काही बघता येत नाही. फोंतेन्हासच्या गल्ल्यांत तर लोक राहतात. तिथल्या खिडक्या आणि बाल्कन्या ही त्यांची घरे आहेत.

यावरचा उपाय अवघड नाही. क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिक शहराने एका वेळी दोनच जहाजे आणि फार तर चार हजार क्रूझ प्रवासी, अशी मर्यादा क्रूझ कंपन्यांशी बोलून ठरवून घेतली. गोव्याने दिवसाच्या मर्यादेबरोबर तासाची मर्यादाही घालावी. बसगाड्या वीस-वीस मिनिटांच्या अंतराने सोडाव्यात, त्यांच्या दिशा आधीच वाटून द्याव्यात आणि जुन्या गोव्यात पार्किंगची वेळ नोंदवल्याशिवाय बसला परवानगी देऊ नये. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात गोंयच्या सायबाचे, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचे, फेस्त असते, ते ऐन क्रूझच्या हंगामात. त्या दिवशी आणि नाताळच्या आठवड्यात मोठ्या जहाजाला धक्का देऊच नये. फेस्ताची तारीख कोणी आयत्या वेळी ठरवत नाही, त्यामुळे ती माहीत नव्हती असे कोणाला म्हणता येणार नाही.

खरा गुंता पाण्याचा आहे, आणि त्यावर गोव्यात जवळजवळ कोणीच बोलत नाही.

जहाजातून दोन प्रकारचे घाण पाणी निघते. एक शौचालयांचे मैलापाणी, दुसरे आंघोळ, बेसिन, लाँड्री आणि स्वयंपाकघराचे सांडपाणी. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००८ मध्ये क्रूझ जहाजांच्या विसर्गाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार माणशी रोज सरासरी तीसेक लिटर मैलापाणी आणि अडीचशे लिटरच्या आसपास सांडपाणी निघते. मैलापाणी इतके कमी, कारण जहाजावरची शौचालये हवेच्या ओढीने चालतात आणि त्यांना पाणी फार थोडे लागते. आता दोन हजार प्रवासी आणि आठशे कर्मचारी धरा. रोजचे मैलापाणी झाले ८४ हजार लिटर आणि सांडपाणी ७ लाख लिटर. दहा हजार लिटरचे सत्तर टँकर भरतील एवढे नुसते सांडपाणी, आणि तेही एका जहाजाचे, एका दिवसाचे.

कायदा काय म्हणतो? मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराचे चौथे परिशिष्ट मैल्याबद्दल आहे आणि ते भारतालाही लागू आहे. त्यानुसार दळून जंतुनाशक घातलेला मैला किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपलीकडे सोडता येतो. काहीच प्रक्रिया न केलेला मैला बारा मैलांपलीकडे, तोही जहाज किमान चार नॉट वेगाने चालत असताना आणि हळूहळू. इथपर्यंत ठीक वाटते. पण जहाजावर मान्यताप्राप्त प्रक्रिया यंत्र असेल आणि बाहेर पडणारे पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसत असेल, तर या अंतरांचे बंधन उरत नाही. म्हणजे किनाऱ्याजवळही ते सोडता येते. आणि सांडपाण्याबद्दल, म्हणजे त्या सत्तर टँकरांबद्दल, मार्पोलमध्ये एक अक्षर नाही. स्वयंपाकघराचे तेल, लाँड्रीचा साबण, कृत्रिम कपड्यांचे सूक्ष्म तंतू, सगळे त्यात असते.

यंत्र आहे म्हणजे पाणी शुद्ध झाले, असेही नाही. या यंत्रांत जिवाणू मैला खातात आणि मग पाणी बारीक पडद्यांतून गाळले जाते. सफाई करणाऱ्याने खोलीत ब्लीच जास्त ओतले की जिवाणू मरतात आणि टाकी पुन्हा जिवंत व्हायला कित्येक दिवस लागतात. प्रवाशांनी शौचालयात टाकलेले ओले टिश्यू पंपात अडकतात. स्वयंपाकघराची चरबी पडद्यांवर बसते आणि पाणी गळायचे थांबते. सकाळी आणि रात्रीच्या जेवणाआधी सगळे एकदम आंघोळीला जातात, तेव्हा भार अचानक वाढतो. भार समतोल करणारी टाकी लहान असेल तर अर्धवट शुद्ध झालेले पाणी पुढे ढकलले जाते. शिवाय शुद्धीकरणानंतर तळाला राहणारा गाळ कुठेतरी टाकावाच लागतो. यंत्राचे मान्यतापत्र हा नव्या यंत्राच्या चाचणीचा दाखला आहे. आज सकाळी त्यातून काय बाहेर पडले, हे तो सांगत नाही.

मुरगावचा धक्का जुवारी नदीच्या मुखावर आहे. भरतीचे पाणी तिथून आत चिखलीच्या खाडीत शिरते. जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेच्या जागी लावत तो चपटा शिंपला याच खाडीत वाढतो. तिसऱ्या आणि खुबे तर घरोघर खाल्ले जातात. शिंपल्यातला जीव पाणी गाळून जगतो, आणि पाण्यातले जंतू त्याच्या अंगात साठतात. खाडीच्या बाहेर ग्रांद बेट आहे. तिथे प्रवाळ आहेत आणि त्यांच्यावर चालणारा डायव्हिंगचा धंदाही आहे. पाच किलोमीटरपर्यंतचा समुद्र गोव्यात पारंपरिक मच्छीमारांसाठी राखीव आहे. यांत्रिक होड्यांनी तिथे मासेमारी करायची नाही. तीन सागरी मैल म्हणजे साडेपाच किलोमीटर. रापणकारांची, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांची, हद्द जेमतेम संपते, तिथेच दळलेला मैला सोडायची मुभा सुरू होते.

म्हणून मागणी साधी असावी: बारा मैलांच्या आत काहीच सोडायचे नाही. मैला नाही, सांडपाणी नाही, दळलेले अन्नही नाही. हे जहाजांना जमण्यासारखे आहे. अठ्ठावीसशे माणसांचे दहा तासांचे दोन्ही पाणी मिळून सव्वातीन लाख लिटरच्या घरात जाते, आणि त्यातली बरीच माणसे दिवसा जहाजाबाहेर असतात. एवढे साठवायच्या टाक्या या आकाराच्या जहाजावर असतात, त्या आधी खोल समुद्रात रिकाम्या करून यायला हवे, इतकेच. तपासणीही सोपी आहे. बंदरात शिरण्याआधी जहाजाने प्रत्येक टाकीची पातळी घनमीटरमध्ये कळवायची, सुटताना पुन्हा कळवायची. माणसे किती, तास किती, माणशी लिटर किती, याचा गुणाकार करायचा. टाकीतली वाढ त्या गुणाकाराच्या आसपास असली तर ठीक. ती फारच कमी निघाली, तर पाणी कुठेतरी गेले आहे. मग बाहेर सोडणाऱ्या झडपांवरची सीले बघायची आणि नोंदवही मागायची.

ही तपासणी करणार कोण, हा रास्त प्रश्न आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये ‘कॅरिबियन प्रिन्सेस’ या जहाजावर इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ तेलकट पाणी चोरट्या पाइपातून समुद्रात सोडले गेले. ते कोणा बंदर अधिकाऱ्याने पकडले नाही. नव्याने कामाला लागलेल्या एका इंजिनिअरने तो पाइप पाहिला आणि कळवले. त्यावरून त्या कंपनीने २०१६ मध्ये अमेरिकेत गुन्हा कबूल करून ४ कोटी डॉलर भरायचे मान्य केले. पुढे २०१९ मध्ये तिच्या मूळ कंपनीला त्या शिक्षेच्या अटी मोडल्याबद्दल आणखी २ कोटी डॉलर भरावे लागले. बहामाजच्या समुद्रात अन्नाच्या कचऱ्याबरोबर प्लास्टिक सोडल्याचा आरोपही त्यात होता. या प्रकरणातून एक गोष्ट दिसते. जहाजाच्या पोटातले पाइप ज्याने हाताळले आहेत, त्यालाच चुकीचा पाइप ओळखू येतो. अशी माणसे गोव्यात गावोगाव निवृत्त होऊन बसली आहेत. इंजिनरूमचे फिटर, मोटरमन, दुसरे-तिसरे इंजिनिअर. त्यांच्यातून पंधरावीस जणांचे एक तपासणी पथक नेमावे, मानधन द्यावे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याबरोबर त्यांना जहाजावर पाठवावे. दुसऱ्या कोणत्याही राज्याला हे इतक्या सहज जमणार नाही.

आता धूर. धक्क्याला लागले तरी जहाज बंद होत नाही. वातानुकूलन, शीतगृहे, स्वयंपाकघर, दिवे, सगळे चालू राहते. या आकाराच्या जहाजाला उभ्या जागी पाच ते आठ मेगावॉट वीज लागते. सहा धरू. दहा तासांत ६० हजार युनिट. जहाजाचा जनरेटर एका युनिटला साधारण दोनशे ग्रॅम इंधन खातो, म्हणजे बारा टन. जगभरच्या जहाजांच्या इंधनात १ जानेवारी २०२० पासून अर्ध्या टक्क्यापर्यंतच गंधक चालते. त्या हिशेबाने बारा टनांत ६० किलो गंधक, आणि जळल्यावर त्याचा १२० किलो सल्फर डायऑक्साइड. हा सगळा वास्को, बायणा आणि सड्याच्या वस्तीला लागून. बंदरात उतरणाऱ्या कोळशाच्या भुकटीने आधीच हैराण झालेल्या या लोकांना पर्यटनाच्या नावाने आणखी धूर देणे हा अन्याय आहे.

युरोपीय संघात २०१० पासून धक्क्याला दोन तासांपेक्षा जास्त थांबणाऱ्या जहाजाला ०.१ टक्का गंधकाचेच इंधन वापरावे लागते. तीच अट मुरगावला घातली तर १२० किलोचे २४ किलो होतात, आणि त्यासाठी बंदराला एक वीटही रचावी लागत नाही. जहाजावर असे इंधन बहुधा असतेच. नोंदवहीतली इंधन बदलल्याची वेळ बघायची आणि टाकीतला नमुना घ्यायचा. किनाऱ्यावरून वीज देणे हा पुढचा टप्पा. तो चांगला आहे, पण खर्चिक आहे. अशी जहाजे ६.६ किंवा ११ किलोव्होल्टवर आणि बहुतेक करून ६० हर्ट्झवर चालतात. आपली वीज ५० हर्ट्झची. मध्ये वारंवारता बदलणारे यंत्र, जाड केबल उचलणारी क्रेन आणि सहा-आठ मेगावॉटचा स्वतंत्र फीडर लागतो. तो फीडर वास्कोच्या घरगुती पुरवठ्यावर टाकला तर जहाज झगमगेल आणि शहराचा पुरवठा तुटेल. म्हणून आधी इंधनाची अट, मग विजेचे प्लग, असा क्रम हवा. मुरगाव बंदराने २०२३ मध्ये ‘हरित श्रेय’ योजनेत कमी प्रदूषण करणाऱ्या जहाजांना शुल्कात सवलत द्यायला सुरुवात केली. ते पाऊल स्तुत्य आहे. पण चांगल्याला सवलत आणि वाईटाला काहीच नाही, एवढ्यावर भागणार नाही. घाण इंधनावर येणाऱ्या जहाजाला जादा शुल्क हवे.

एक पळवाट इथे सांगायला हवी. काही जहाजे स्वस्त, जास्त गंधकाचे इंधनच वापरतात आणि धुराड्यात स्क्रबर बसवतात. खुल्या पद्धतीचा स्क्रबर समुद्राचे पाणी घेऊन धूर धुतो आणि ते पाणी परत समुद्रात सोडतो. एका मेगावॉट-तासाला पंचेचाळीस घनमीटर, हे त्याचे सर्वसाधारण प्रमाण. आपल्या उदाहरणातल्या ६० मेगावॉट-तासांना २,७०० घनमीटर आम्लधर्मी पाणी, त्यात निकेल, व्हॅनेडियम आणि अर्धवट जळलेल्या इंधनाचे अवशेष. हवेतले विष जुवारीत कालवण्याची ही युक्ती बंदराच्या हद्दीत सरळ बंद करावी.

पैशांबद्दल मोठे दावे केले जातात, त्यामुळे थोडे सविस्तर पाहू. हॉटेलात उतरलेला पाहुणा खोलीचे भाडे देतो, तीन वेळा जेवतो, टॅक्सी घेतो, रात्री बाहेर पडतो. क्रूझचा प्रवासी नाश्ता जहाजावर करतो आणि रात्रीचे जेवणही तिथेच, कारण त्याचे पैसे त्याने तिकिटातच भरलेले असतात. सहल तो जहाजावरच्या काउंटरवर विकत घेतो, आणि त्या किमतीतला मोठा वाटा कंपनी ठेवते. गोव्यातल्या बसवाल्याला आणि गाइडला उरलेले. बंदराचे शुल्क बंदराला जाते, आणि बंदर केंद्राच्या अखत्यारीत. रस्ता झाडणारी, कचरा उचलणारी मुरगाव नगरपालिका या हिशेबात कुठेच नाही. कॅरिबियनमध्ये तर कंपन्यांनी स्वतःसाठी बेटे आणि किनारेच घेतले आहेत. बहामाजमधले कोकोके बेट, हैतीमधला भाडेपट्ट्याने घेतलेला लाबादीचा किनारा. तिथे किनाऱ्यावरच्या शहाळ्याचा पैसाही कंपनीच्याच गल्ल्यात पडतो. बेट फक्त देखावा पुरवते.

ग्रीसने २०२५ च्या जुलैपासून सँटोरिनी आणि मिकोनोसवर ऐन हंगामात क्रूझ प्रवाशामागे २० युरो आकारायला सुरुवात केली. गोव्याने माणशी पाचशे रुपये आकारले तरी दोन हजारांच्या जहाजामागे दहा लाख होतात. तिकिटाच्या किमतीपुढे ते काहीच नाहीत. ती रक्कम वेगळ्या खात्यात जावी, नगरपालिका आणि चिखलीचे उपजिल्हा रुग्णालय यांच्यासाठीच खर्च व्हावी आणि दर तिमाहीला हिशेब छापावा. रुग्णालयाचे नाव उगाच घेतलेले नाही. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून मुरगावला आलेल्या क्रूझवर दोन हजारांच्या आसपास लोकांच्या तपासणीत ६६ जण कोरोनाबाधित निघाले. बंद जागेत एकत्र जेवणाऱ्या हजारो माणसांत उलट्या-जुलाबांची साथही झपाट्याने पसरते. असे जहाज धक्क्याला लागते तेव्हा पहिला ताण लहान रुग्णालयावरच पडतो.

त्याहून मोठा बदल म्हणजे मुरगाव नुसता थांबा न राहता प्रवास सुरू होण्याचे बंदर व्हावे. मग प्रवासी आदल्या दिवशी दाबोळी किंवा मोपाच्या विमानतळावर उतरतो, एक रात्र इथे राहतो, इथेच जेवतो. जहाज भाजी, फळे, मासळी, काजू इथून भरते. कपडे इथे धुतले जातात. दिवसभराच्या दहा धावत्या थांब्यांपेक्षा अशा दोन खेपा गोव्याला जास्त देतील, असे आम्हाला ठामपणे वाटते. अट एकच: पिण्याचे पाणी जहाजाने समुद्राच्या पाण्यापासून स्वतः बनवावे, एप्रिल-मेमध्ये साळावलीच्या धरणाकडे बोट दाखवू नये. जुन्या कोकण बोटीची आठवण अजून अनेकांना आहे. ती रत्नागिरी, जैतापूर, देवगड, वेंगुर्ला करत पणजीला यायची आणि वाटेत प्रत्येक गावाला दोन पैसे देऊन जायची. प्रवासी चढणारे आणि उतरणारे बंदर जगते, असा तो अनुभव होता.

अटी घातल्या तर जहाजे मंगळूरला जातील, कोचीला जातील, अशी भीती नेहमी दाखवली जाते. नकाशा तसे म्हणत नाही. मुंबई ते मुरगाव साधारण सव्वादोनशे सागरी मैल. संध्याकाळी निघालेले जहाज सावकाश गतीने सकाळी पोचते, आणि इंधनही कमी लागते. एका रात्रीच्या या अंतरावर गोव्याइतके तिकीट खपवणारे दुसरे नाव पश्चिम किनाऱ्यावर नाही. गोवा हे नाव काढले तर मुंबईच्या तीन दिवसांच्या सहलीत उरते काय? व्हेनिसमध्ये १ ऑगस्ट २०२१ पासून २५ हजार टनांवरच्या जहाजांना ज्युडेक्का कालव्यात बंदी झाली. बोराबोराने दिवसाला बाराशे प्रवाशांची मर्यादा घातली. सँटोरिनीने आठ हजारांची. तरी जहाजे तिथे जातातच. केमन बेटांवर एप्रिल २०२५ मध्ये जनमत घेतले गेले आणि लोकांनी मोठ्या जहाजांसाठी धक्का बांधायलाच नकार दिला.

मात्र एक इशारा ‘की वेस्ट’कडून घ्यावा. फ्लोरिडातल्या त्या छोट्या बेटाने २०२० मध्ये मतदान करून मोठी जहाजे बंद केली, आणि पुढच्याच वर्षी राज्याने कायदा करून तो निर्णय पुसून टाकला. गोव्यातही बंदर केंद्राचे, जमीन आणि रस्ते राज्याचे, कचरा नगरपालिकेचा. ग्रामसभेचा ठराव किंवा विधानसभेतली घोषणा बंदराला बांधून ठेवत नाही. अट टिकायची असेल तर ती बंदर प्राधिकरणाच्या धक्का-वाटपाच्या नियमांत आणि दरपत्रकात लिहिली गेली पाहिजे. आंदोलन करणाऱ्यांनी आपली ताकद तिथे लावावी.

गोव्यापुढे जहाज जाते लक्षद्वीपला, आणि त्याबद्दल गोव्याने गप्प बसू नये. छत्तीस बेटे, सगळी मिळून बत्तीस चौरस किलोमीटर जमीन, वस्ती फक्त दहा बेटांवर. आपला एखादा तालुकाही याहून कितीतरी मोठा असतो. नद्या नाहीत. वाळूखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारा गोड्या पाण्याचा पातळ थर, तोच पिण्याचा साठा. तो जास्त उपसला की खाली असलेले खारे पाणी वर येते. खाजणाचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतीचा, बांध फुटला की शेत कसे खारावते हे गोंयकाराला सांगावे लागत नाही. तिथे तर सारे बेटच खारावते. मोठे जहाज लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळांच्या कड्याआतल्या उथळ पाण्यात, शिरू शकत नाही, बाहेर थांबते, आणि माणसे लहान बोटींनी नेली जातात. समुद्राला उसळी असली की बोट आणि जहाजाचा फलाट वरखाली होतो, चढउतार धोक्याची ठरते आणि सगळी फेरी रद्द होते. नांगर टाकलाच तर साखळी वाऱ्याबरोबर गोल फिरते आणि तिच्या खालचे प्रवाळ चिरडले जातात. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये समुद्र तापून तिथले प्रवाळ पांढरे पडले. जे सावरत आहेत, त्यांच्यावर साखळी ओढायची नाही. गालापागोसमध्ये एका जहाजावर फार तर शंभर प्रवासी आणि एका गाइडमागे सोळा माणसे, असा नियम आहे. लक्षद्वीपसाठी याच धर्तीची मर्यादा हवी. मुरगावहून निघणाऱ्या जहाजाने ती पाळावी, ही अट मुरगावच्या करारात घालता येते.

तारवटींचा प्रश्नही याच करारात यावा. सागरी कामगार करार, २००६ नुसार चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती मिळालीच पाहिजे. बंदरात जहाज असते त्या दिवशी क्रूचे काम कमी होत नाही, उलट वाढते. सामान, तपासण्या, बोटींचे सराव. नोंदवहीत विश्रांती दिसते आणि प्रत्यक्षात माणूस उभाच असतो, ही तक्रार प्रत्येक तारवटीच्या घरात ऐकायला मिळते. गोव्यात नियमित येणाऱ्या जहाजांच्या विश्रांतीच्या नोंदी तपासायला तेच निवृत्त तारवटींचे पथक उपयोगी पडेल. खोटी नोंद त्यांच्या नजरेतून सुटणार नाही.

या सगळ्याला एक मुदत आहे. क्रूझ कंपन्या आपले वेळापत्रक दीड-दोन वर्षे आधी विकायला काढतात. तिकिटे विकली गेल्यावर अट घातली तर कंपनी प्रवाशांचे नाव पुढे करते आणि बंदर नमते. म्हणून येत्या पावसाळ्यात, धक्का रिकामा असताना, दिवसाची आणि तासाची मर्यादा, बारा मैलांचा नियम, ०.१ टक्क्याचे इंधन, खुल्या स्क्रबरवर बंदी आणि माणशी आकार हे सगळे दरपत्रकात छापून यायला हवे. तसे झाले तर ते पुढच्या नव्हे, त्याच्या पुढच्या हंगामाला लागू होईल. हा पावसाळा गेला तर आणखी एक वर्ष जाईल, आणि दरम्यान आलेले प्रत्येक जहाज जुन्याच अटींवर येत राहील.